नऊ मासे आणि दोन फुटांची टाकी

प्रश्न : गुढीपाडव्याला आम्ही दोन फूट लांबीची काचेची टाकी घेतली आणि वास्तूसाठी शुभ म्हणून आठ सोनेरी व एक काळा असे नऊ गोल्डफिश आणले. महिन्याभरात सहा मासे गेले. आता दोन सोनेरी आणि काळा एवढेच उरले आहेत. दर रविवारी मी टाकी पूर्ण रिकामी करून वाळू, काच आणि फिल्टर नळाखाली स्वच्छ धुते, तरी दोन दिवसांत पाणी दुधाळ होते. दुकानदाराने आधी निळे औषध दिले, मग पिवळे दिले. मासे काचेपाशी येऊन तोंड उघडतात तेव्हा भुकेले वाटतात, म्हणून आम्ही दिवसातून तीन-चार वेळा दाणे टाकतो. सासूबाई पोळीचा चुरा आणि चुरमुरेही घालतात. मासा मेला की घरावरचे संकट त्याने घेतले, असे त्या म्हणतात. आता पुन्हा नऊ पुरे करावेत का, काच साफ ठेवायला दुकानदार सुचवतो तो सकर मासा आणावा का, आणि मे महिन्यात दहा दिवस गावी जायचे आहे तेव्हा त्यांच्या खाण्याची काय सोय करावी?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : मासे का गेले याचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे, फक्त ते दोन वेगवेगळ्या वाक्यांत विखुरले आहे. एका वाक्यात तुम्ही दिवसातून तीन-चार वेळा खाणे घालत असल्याचे लिहिले आहे आणि दुसऱ्यात दर रविवारी सगळी टाकी धुऊन काढत असल्याचे. या दोन्ही गोष्टी प्रेमापोटी आणि कष्टाने केलेल्या आहेत, पण त्या एकत्र आल्या की कोणत्याही टाकीतले मासे टिकत नाहीत. तुमचे मासे उपाशी नव्हते आणि बहुधा आजारीही नव्हते. त्यांना पाण्यातल्या अमोनियाची बाधा झाली, असे मला तुमच्या वर्णनावरून वाटते.

मासा जे खातो त्यातल्या प्रथिनांचा एक भाग अमोनियाच्या रूपाने मुख्यतः त्याच्या कल्ल्यांतून पाण्यात उतरतो, आणि जे खाणे तो खात नाही ते वाळूत कुजून तोच अमोनिया तयार करते. मत्स्यशेतीतला ढोबळ हिशेब असा आहे की एक ग्रॅम कोरड्या खाद्यामागे साधारण ३० मिलिग्रॅम अमोनिया तयार होतो. तुमची टाकी २४ इंच लांब आणि प्रत्येकी १२ इंच रुंद व उंच असावी असे धरले, तर काठोकाठ भरल्यावर तीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता हाती ४५ लिटर उरते. तीन-चार वेळा चिमूट-चिमूट दाणे म्हणजे दिवसाला दोन ग्रॅम सहज होतात. म्हणजे रोज प्रत्येक लिटरमागे एक मिलिग्रॅमहून अधिक अमोनियाची भर पडत होती, आणि पोळी व चुरमुरे यांचे कुजणे वेगळेच. टाकीतल्या पाण्यात अमोनिया शून्य असावा लागतो. तो वाढला की कल्ल्यांची आग होते, ते लाल दिसू लागतात, श्वास पुरत नाही आणि मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतो. ते पाहून घरच्यांना वाटते की त्याला भूक लागली आहे, आणि आणखी एक चिमूट पाण्यात पडते.

जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत हा अमोनिया साचत नाही, कारण फिल्टरच्या स्पंजवर, वाळूच्या कणांवर आणि काचेवरही सूक्ष्म जिवाणूंचा एक थर वाढलेला असतो. त्यातले काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच असते, नायट्रेट मात्र त्या मानाने पुष्कळच निरुपद्रवी असते आणि आठवड्याला थोडे पाणी बदलले की ते आटोक्यात राहते. हे जिवाणू फार सावकाश वाढतात. नव्या टाकीत त्यांचे बस्तान बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही पहिल्याच दिवशी नऊ मासे सोडलेत, आणि जिवाणूंनी सहा दिवसांत जेवढा संसार मांडला तेवढा दर सातव्या दिवशी क्लोरीनच्या नळाखाली धुऊन टाकलात. त्यामुळे तुमची टाकी महिनाभर वयाने पहिल्या आठवड्यातच राहिली. दोन दिवसांत येणारा दुधाळपणा हा त्याचाच पुरावा आहे: जास्तीच्या अन्नावर वाढणारे दुसऱ्या जातीचे जिवाणू मोकळ्या पाण्यात माजतात, प्राणवायू खातात आणि पाणी ताकासारखे दिसू लागते. औषधांनी यातले काहीच सुधारत नाही. निळे औषध बहुधा मिथिलीन ब्लू असावे. त्याचा बुरशीवर उपयोग होतो, पण फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही ते मारक ठरू शकते. पिवळे कशाचे होते हे बाटलीवर लिहिलेले नसेल, तर ते पुन्हा टाकीत घालू नका. रोग ओळखल्याशिवाय औषध विकणाऱ्या दुकानदारावर मी फारसा विश्वास ठेवणार नाही.

आता उरलेल्या तिघांसाठी काय करावे ते सांगतो. आजपासून दोन दिवस काहीही खायला घालू नका. गोल्डफिशला त्याने अपाय होत नाही. टाकी पुन्हा कधीही पूर्ण रिकामी करायची नाही. पुढचे दोन आठवडे रोज एक बादली, म्हणजे दहा-बारा लिटर पाणी काढायचे आणि तेवढेच ताजे घालायचे. काढताना अर्ध्या इंचाची पारदर्शक नळी वाळूच्या पृष्ठभागावरून फिरवली की तळाशी साठलेली घाण त्याच पाण्याबरोबर बाहेर येते. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा याच काढलेल्या पाण्यात दोन-तीनदा दाबून काढावा. तो तपकिरीच दिसला तरी चालेल, किंबहुना तसाच दिसला पाहिजे. साबण, डिटर्जंट, व्हिनेगर यांतले काहीही टाकीच्या आसपास नको. शक्य असेल तर अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचे थेंबांचे किट विकत घ्या. दोन्ही आकडे सलग आठवडाभर शून्य दिसले की पाणी आठवड्यातून एकदा, एक चतुर्थांश एवढेच बदलायचे. नायट्राइट दिसत असेल तर लिटरमागे एक ग्रॅम या प्रमाणात साधे मीठ, म्हणजे तुमच्या टाकीला एकूण ४५ ग्रॅम, बादलीत विरघळवून दोन-तीन हप्त्यांत घालावे. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही. मीठ उडून जात नाही, म्हणून नंतर फक्त बदललेल्या पाण्याच्या प्रमाणात भर घालायची; दर वेळी ४५ ग्रॅम घालू नये.

सोलापुरात पाणी काही दिवसांआड येते आणि रोज एक बादली माशांवर खर्च करणे घरात कोणाला रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. पण टाकीतून काढलेले पाणी तुळशीला आणि कुंड्यांना घालता येते. त्यातले नायट्रेट झाडांना खत म्हणूनच लागते. साठवण्याच्या सक्तीचा एक फायदाही आहे. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उघड्या पिंपात चोवीस तास राहिला की बहुतेक उडून जातो, त्यामुळे पिंपातले पाणी नुकत्याच सुटलेल्या नळाच्या पाण्यापेक्षा माशांना केव्हाही बरे. घाईच असेल तर दुकानात मिळणारे क्लोरीन मारणारे द्रावण बाटलीवरच्या मात्रेने बादलीत घालून मगच ते पाणी टाकीत ओतावे. टँकरचे किंवा बोअरचे जड पाणी गोल्डफिशला चालते, मात्र एक सावधगिरी हवी: असे पाणी अल्कधर्मी असते, आणि पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्क दाखवणारा आकडा, जसा वाढतो तसा अमोनियाचा विषारी अंश वाढतो, पीएच सातवरून आठवर गेला की तो जवळजवळ दसपट होतो. उन्हाळ्याने गरम झालेले पाणीही त्यात भर घालते. त्यामुळे पिंपातले एकच पाणी सातत्याने वापरावे. आज नळाचे, उद्या टँकरचे असे करू नये. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राचे पाणी मात्र नको. त्यात क्षार उरलेले नसतात, आणि क्षारांवाचून पीएच एकाएकी कोसळू शकतो.

खाण्याविषयी तुम्ही सर्वांत शेवटी विचारले आहे, पण खरे तर तोच मुख्य विषय आहे. गोल्डफिशला जठर नसते. खाल्लेले अन्न थेट आतड्यात जाते, त्यामुळे एकदम खूप खाऊन साठवून ठेवण्याची सोय त्याच्या शरीरात नाही आणि पोट भरल्याची जाणीवही त्याला आपल्यासारखी होत नसावी. तळ उकरत दिवसभर थोडेथोडे टिपत राहणे हा त्याचा मूळ स्वभाव आहे. माणूस जवळ आला की खाणे पडते हे तो चार दिवसांत शिकतो, आणि मग तुम्ही फुले ठेवायला गेलात तरी काचेपाशी धावत येतो. त्या धावण्यावरून भुकेचा अंदाज करता येत नाही.

तेव्हा मोजून घाला. मोहरीएवढे, बुडणारे किंवा हळूहळू खाली जाणारे दाणे आणा. डब्यावर ते गोल्डफिशसाठी असल्याचे आणि प्रथिने साधारण ३० टक्के असल्याचे लिहिलेले असावे. अंगठ्याएवढ्या माशाला एका वेळी पाच-सहा दाणे, दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी दिवे मालवण्याच्या किमान दोन तास आधी. तीन माशांना मिळून दिवसाला तीस-पस्तीस दाणे झाले. टाकल्यापासून दोन मिनिटांत एकही दाणा शिल्लक राहता कामा नये; राहिला तर पुढच्या वेळी दोन-तीन कमी करायचे. आठवड्यातून एक दिवस उपवास ठेवावा, आणि त्यासाठी एकादशी किंवा शनिवार असा घरात आधीच पाळला जाणारा वार निवडलात तर तो विसरला जाणार नाही. दाणे टाकण्यापूर्वी मिनिटभर वाटीतल्या पाण्यात भिजवले तर ते पोटात जाऊन फुगत नाहीत. एकच खाद्य सतत देण्यापेक्षा आठवड्यातून एकदोनदा वाफवलेला हिरवा वाटाणा, साल काढून नखाएवढा चुरून, किंवा उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवलेले पालकाचे पान द्यावे. त्यात मीठ किंवा फोडणीचे तेल नसावे, हे सांगायला नको. दुकानात ट्युबिफेक्स या जिवंत, बारीक किड्यांच्या लाल गुंतवळी दाखवतील. त्या अनेकदा सांडपाण्यातून गोळा केलेल्या असतात आणि सोबत रोग आणतात, म्हणून माझा त्यांना विरोध आहे. वाळवलेले ट्युबिफेक्स किंवा गोठवलेले लाल किडे पंधरवड्यातून एखाद्या वेळी चालतील.

पोळीचा तुकडा पाण्यात काय होतो हे सासूबाईंना एकदा दाखवा. एका काचेच्या ग्लासात साधे पाणी घ्या, त्यात पोळीचा शेंगदाण्याएवढा तुकडा टाका आणि ग्लास रात्रभर ओट्यावर ठेवा. सकाळी तुकडा फुगून सुटलेला असेल, भोवती ढगाळ वलय असेल आणि वर तेलाचा पातळ तवंग दिसेल. आणखी एक दिवस ठेवलात तर त्याला वास येऊ लागेल आणि पुढे पांढरी लवही धरेल. टाकीत हेच वाळूआड होत असते, म्हणून दिसत नाही. चुरमुऱ्यांची गोष्ट निराळी नाही. तलावावर शेकडो मासे आणि अथांग पाणी असते तिथे मूठभर चुरमुरे पचून जातात, ४५ लिटरमध्ये पचत नाहीत. तरीही सासूबाईंचा आनंद हिरावून घेऊ नये असे मला वाटते. रोज सकाळी त्या दिवसाचे दाणे मोजून एका लहान डबीत काढा, ती डबी त्यांच्या हवाली करा आणि मोठा डबा कपाटात ठेवा. त्यांना दिवसभरात दोन दाणे आत्ता, चार मग असे घालावेसे वाटले तरी काही बिघडत नाही, उलट गोल्डफिशच्या आतड्याला ते अधिक मानवते. फक्त डबी रिकामी झाली की त्या दिवसाचे खाणे संपले. मोठा डबा घट्ट झाकणाचा आणि कोरड्या जागीच असावा. उघडलेल्या खाद्यातली जीवनसत्त्वे काही महिन्यांत उतरतात आणि पावसाळ्यात दाण्यांना बुरशी लागते, म्हणून स्वस्त पडते तरी किलोची पिशवी घेऊ नका. तीन माशांना शंभर ग्रॅमचा डबा पुष्कळ महिने पुरतो.

माशाने घरावरचे संकट घेतले, या समजुतीवर मी वाद घालणार नाही, पण तिचा एक तोटा झाला आहे. पहिला मासा गेला तेव्हा पाण्याकडे बघायला हवे होते; संकट टळले असे म्हटल्यावर पाण्याकडे कोणी पाहिले नाही, आणि मागोमाग पाच गेले.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा स्वतंत्र विचार करावा लागेल. गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा आहे. १८ ते २४ अंश त्याला मानवतात आणि एप्रिल-मेमध्ये तुमच्या टाकीतले पाणी सहज ३१-३२ अंशांवर जात असणार. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम मावतो, ३२ अंशांना सव्वासातच्या आसपास, आणि नेमक्या त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. टाकी खिडकीच्या उन्हापासून आणि पश्चिमेच्या भिंतीपासून दूर हलवा, वरचे काचेचे झाकण काढून जाळी घाला आणि दुपारी टेबलफॅनचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. बर्फाचे खडे टाकू नका, तापमानाचा झटका उष्णतेपेक्षा वाईट. एअर पंप रात्रीही चालू राहिला पाहिजे, आणि भारनियमन होत असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा पंप घेऊन ठेवावा. चाळिशी ओलांडणाऱ्या दिवसांत दाणे निम्मे करा आणि ते पहाटेच घाला.

पुन्हा नऊ करू नका. गोल्डफिश बाजारात बोटभर असतो म्हणून लोकांची फसगत होते. नीट जगवला तर तो १५-२० सेंटिमीटर वाढतो आणि दहा वर्षांहून अधिक जगतो. एका गोल्डफिशमागे निदान ४० लिटर पाणी असावे असा माझा सल्ला असतो. त्या हिशेबाने तुमची टाकी एका माशाची आहे आणि उरलेले तीनदेखील तिच्यात वर्षभरच लहान राहतील. पुढेमागे ३६ इंच लांब, १५ रुंद आणि १८ उंच अशी टाकी घेता आली, तर तिच्यात साधारण १५० लिटर पाणी मावते आणि तिघे सुखाने राहतात. नऊचाच आग्रह असेल तर तो भिंतीवरच्या चित्रात पाळावा. दोन फुटांच्या टाकीत शोभा हवी असेल तर तीत गोल्डफिशऐवजी गप्पी ठेवता येतात. ते तुमच्याकडच्या उष्णतेला आणि जड पाण्याला सरावलेले असतात, म्हणून तर डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खाते ते हौदांत सोडते. पण गोल्डफिशच्या तोंडात मावेल असा मासा त्यांच्याबरोबर एका टाकीत ठेवू नये.

सकर माशाबाबत माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. तो शेवाळ खरवडतो हे खरे, पण माशांची विष्ठा खात नाही. उलट स्वतः भरपूर करतो. तो फूटभराहून मोठा होतो आणि रात्री संथ गोल्डफिशच्या अंगावरचा चिकट थर ओरबाडतो. दक्षिण अमेरिकेतला हा मासा लोकांनी टाकीत मावेनासा झाला म्हणून नद्यांत, तलावांत सोडला, आणि आज तुमच्या पिण्याच्या पाण्याचा स्रोत असलेल्या उजनीत तो मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊन जाळी फाडतो आहे. पाळलेला कोणताही मासा कंटाळा आला म्हणून सिद्धेश्वर तलावात सोडू नका. काचेवरचे शेवाळ भांडी घासायच्या नव्या, न वापरलेल्या स्क्रबरने आठवड्यातून एकदा घासले की निघते, आणि दिवा आठ तासांपेक्षा जास्त लावला नाही तर ते फारसे येतही नाही.

राहिले गावी जाणे. निरोगी गोल्डफिश आठवडाभर न खाता सहज राहतो. तुमचे मासे लहान आहेत आणि मुक्काम दहा दिवसांचा आहे, म्हणून शेजाऱ्यांना तीन दिवसांनी एकदा असे तीनदा खाणे घालायला सांगा. त्यासाठी पंधरा-पंधरा दाण्यांच्या तीन कागदी पुड्या बांधून प्रत्येकीवर तारीख लिहा आणि मोठा डबा त्यांना सापडेल अशा जागी ठेवू नका, कारण दुसऱ्याच्या माशांना उपाशी ठेवल्याचा दोष कोणालाच नको असतो. सुट्टीसाठी म्हणून विकली जाणारी पांढरी, विरघळणारी खाद्याची वडी घेऊ नका. ती पाणी बिघडवते. निघण्याच्या आदल्या दिवशी एक चतुर्थांश पाणी बदला आणि काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करा. मे महिन्यात दहा दिवसांत काही इंच पाणी उडेल, तेव्हा खुणेपेक्षा दोन इंच खाली गेले की पिंपातले पाणी तेवढे वर घालायला सांगा. टाकीवरचा दिवा बंद ठेवला तरी चालेल. घराला कुलूप लावताना मेन स्विच बंद करण्याची आपल्याकडे सवय असते. या वेळी तो चालू ठेवून बाकीची बटणे एकेक करून बंद करा, कारण फिल्टर आणि एअर पंप थांबले तर या उकाड्यात मासे एक रात्रही काढणार नाहीत. परत आल्यावर फिल्टर बंद आढळला तर तो तसाच सुरू करू नका. आत सडलेले पाणी असते, ते ओतून, स्पंज टाकीच्या पाण्यात दाबून मगच लावा. सगळे ठीक असेल तर आधी एक बादली पाणी बदला आणि खाणे दुसऱ्या दिवशी सकाळी घाला.